ओबामाकेअर: भांडण औषधाचं की कातडीचं?

सदाफुली

आमच्या मंडळात गणपतीच्या महाप्रसादाला दरवर्षी मसालेभात असतो आणि दरवर्षी कुणाचं ना कुणाचं वाजतं. यंदा वाजलं ते ओबामाकेअरवरून, म्हणजे ओबामांनी आणलेल्या आरोग्यविम्याच्या कायद्यावरून. दोघंही साठी उलटलेले, तीस वर्षांची मैत्री. एक काका म्हणाले, तो कायदा म्हणजे सरकारी दरोडा होता. दुसऱ्या काकांनी ताटली बाजूला सारली आणि म्हणाले, "तुमचा विरोध कायद्याला नव्हताच मुळी. त्या माणसाच्या कातडीला होता." पहिले काका उठले, चपला घातल्या आणि विसर्जनालाही थांबले नाहीत. दोघांचाही रंग माझ्यासारखाच, वाळवलेल्या आमसुलाच्या जवळपासचा, आणि एक दुसऱ्याला वर्णद्वेष्टा म्हणतोय!

मी साउथ कॅरोलायनात एका लहान गावात फार्मसिस्ट आहे. २००९ सालीही याच काउंटरमागे उभी होते. त्या उन्हाळ्यात या कायद्याच्या विधेयकावरून खासदारांच्या सभांमधून नुसता आरडाओरडा चालला होता. आमच्याच राज्यात सिंप्सनव्हिलला खासदार बॉब इंग्लिस यांच्या सभेत एक गृहस्थ म्हणाले की माझ्या मेडिकेअरला सरकारने हात लावायचा नाही. अहो, मेडिकेअर म्हणजे म्हाताऱ्यांचा आरोग्यविमा, तो सरकारच चालवतं, हे इंग्लिस यांनी समजावून पाहिलं. गृहस्थांना काही पटलं नाही. ऑगस्टमध्ये रिपब्लिकन नेत्या सेरा पेलिन यांनी फेसबुकवर 'डेथ पॅनेल' हा शब्द सोडून दिला. विधेयकात होतं ते इतकंच, की अखेरच्या दिवसांत कुठले उपचार हवेत नि कुठले नकोत यावर म्हातारा माणूस डॉक्टरशी बोलला, तर त्या वेळेचे पैसे मेडिकेअर देईल. माझ्या खिडकीशी येऊन आज्या विचारायच्या, "म्हणजे मला मारायचं की नाही हे आता कमिटी ठरवणार का गं?"

मग ९ सप्टेंबरची रात्र. ओबामा संसदेच्या संयुक्त सभेत सांगत होते की बेकायदा आलेल्यांना या कायद्याचा लाभ नाही. आणि समोरून आरोळी आली, "यू लाय!" ती आरोळी आमच्याच राज्याचे खासदार ज्यो विल्सन यांची. त्यांनी माफी मागितली, तरी आठवड्याभरात सभागृहाने २४० विरुद्ध १७९ मतांनी त्यांचा निषेध केला. त्याच दिवशी माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर टीव्हीवर म्हणाले की ओबामांबद्दलच्या टोकाच्या रागातला फार मोठा भाग ते काळे आहेत म्हणून आहे.

इतक्या वर्षांनी शांतपणे बघितलं तर तुम्हाला काय वाटतं? कार्टर बरोबर होते का? आपल्या मंडळींची मतं ऐकायला आवडतील. शिवीगाळ नको.

मुंगूस

शेवटची ओळ वाचून फुटाण्याची पुडी उघडली. बसलोय.

वऱ्हाडी_डॉक्टर

ताई, कार्टर चूक होते. आणि हे मी सांगत नाही, खुद्द ओबामांनीच सांगितलं. आठवड्याभरात टीव्हीवर लेटरमनच्या गप्पांच्या कार्यक्रमात ते हसत म्हणाले, मी निवडणुकीच्या आधीही काळाच होतो बरं का! त्यावर आणखी काय बोलायचं राजेहो?

मी टेक्सासमध्ये बावीस वर्षं प्रॅक्टिस करतोय. रिपब्लिकनांना मत देतो आणि ते लपवतही नाही. १९९३ साली बिल क्लिंटन यांनी अशीच योजना आणली होती. माणूस गोरा, तोही दक्षिणेतल्या आर्कन्सॉचा. काय झालं? विमा कंपन्यांच्या संघटनेने टीव्हीवर 'हॅरी आणि लुईस' नावाचं एक काळजीत पडलेलं जोडपं आणून बसवलं आणि वर्षभरात योजना गुंडाळली गेली. नोव्हेंबर १९९४ मध्ये डेमोक्रॅट्सच्या हातून चाळीस वर्षांचं प्रतिनिधीगृह गेलं. तेव्हा कुठला रंग आडवा आला होता? अमेरिकन माणसाला सरकार आपल्या दवाखान्यात नको असतं. त्याचा हा जुना स्वभाव आहे, त्यावर वर्णद्वेषाचा शिक्का मारणं म्हणजे वाद हरायच्या आधी पंच फोडणं.

आणि खोटं कोण बोललं? "तुम्हाला तुमचा प्लॅन आवडत असेल तर तो तुमच्याकडेच राहील" हे वाक्य कुणाचं? २०१३ च्या शेवटी लाखो लोकांच्या हातात पॉलिसी रद्द झाल्याची पत्रं पडली. माझ्या रिसेप्शनिस्टला आलं. माझ्या सख्ख्या मेव्हण्याला आलं. नवीन प्लॅनचा डिडक्टिबल (विमा पैसे देण्याआधी आपल्या खिशातून भरायची रक्कम) बघून तो म्हणाला, "भाऊजी, हा विमा आहे की फक्त वर्गणी?" नेत्यांची विधानं तपासणाऱ्या पॉलिटिफॅक्टने २००९ चं सगळ्यात मोठं खोटं म्हणून डेथ पॅनेल निवडलं ते सगळ्यांच्या तोंडपाठ असतं. २०१३ साठी हेच प्लॅनचं वाक्य निवडलं, ते मात्र सोयीस्कर विसरतात.

बॅटनरूजची_बेळगावकर

डॉक्टरांशी निम्मी सहमत. उरलेलं निम्मं रात्री लिहिते, आत्ता शिफ्ट आहे.

जुनी_वही

डॉक्टरसाहेब, क्लिंटन यांचा मुद्दा बिनतोड आहे, पण तुम्ही गोष्ट मधूनच सुरू केलीत. थोडं मागे जाऊ. लांबलचक होईल, कंटाळा आल्यास सोडून द्या.

नोव्हेंबर १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय आरोग्य विम्याचा प्रस्ताव संसदेपुढे ठेवला. डॉक्टरांच्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्याला 'समाजवादी औषधपाणी' म्हणून झोडपलं. एरवी सरकारी पैशाला नाही न म्हणणारे दक्षिणेतले त्यांच्याच पक्षाचे सिनेटरही गप्प झाले, कारण दिल्लीचा पैसा आला की दिल्लीचा हुकूमही येतो (दिल्ली म्हणजे वॉशिंग्टन हो, सवयीने लिहिलं). हुकूम आला तर गोऱ्या-काळ्यांचे वॉर्ड एक करावे लागतील ही धास्ती. विमा बारगळला. त्याऐवजी १९४६ मध्ये रुग्णालयं बांधायला पैसा देणारा हिल-बर्टन कायदा झाला आणि त्यात चक्क कलम होतं की वेगवेगळ्या वंशांसाठी वेगवेगळी सोय चालेल, दर्जा सारखा ठेवा म्हणजे झालं. सरकारी तिजोरीतून भेदभावाच्या भिंती बांधल्या गेल्या, विटा-सिमेंटच्या.

त्या भिंती पाडल्या कोणी? नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबोरोच्या एका दातांच्या डॉक्टरने. जॉर्ज सिम्किन्स. त्यांच्याकडे एक काळा रुग्ण आला, दाढेत पू झालेला, ताप चढलेला. मोझेस कोन रुग्णालयाने दाखल करून घेतलं नाही. सिम्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खटला भरला. खाली हरले. नोव्हेंबर १९६३ मध्ये वरच्या न्यायालयात जिंकले आणि पुढच्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात हात घालायला नकार दिला.

तरी निकालाने जे व्हायला दशकं लागली असती ते मेडिकेअरच्या पैशाने काही महिन्यांत केलं. ३० जुलै १९६५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मिझुरीत म्हाताऱ्या ट्रुमनना शेजारी बसवून मेडिकेअरवर सही केली. १ जुलै १९६६ पासून योजना सुरू व्हायची होती. अट एकच: वॉर्ड वेगळे ठेवाल तर एक पैसाही मिळणार नाही. तपासनीस गावोगाव फिरले, रक्ताच्या बाटल्यांवर वंश लिहिला आहे का, काळ्या नर्सचं जेवण वेगळं आहे का, इथपर्यंत बघितलं. हजारावर रुग्णालयांनी त्या काही महिन्यांत फळ्या उतरवल्या.

म्हणजे इथल्या आरोग्य सुधारणेच्या भांडणात रंगाचा प्रश्न ओबामांनी आणला नाही. तो पायाभरणीच्या वेळीच चुन्यात कालवलेला होता. २००९ मध्ये सभेत ओरडणारे आजोबा वर्णद्वेष्टे होते की नाही, देव जाणे. पण ज्या मेडिकेअरला सरकारने हात लावू नये असं ते म्हणत होते, त्याच मेडिकेअरने त्यांच्या तरुणपणी त्यांच्या गावचं रुग्णालय सगळ्यांसाठी उघडलं असणार.

मुंगूस

दंडवत. वाचनखूण साठवली.

वऱ्हाडी_डॉक्टर

वहीसाहेब, माहिती उत्तम. पण एक नोंद राहिली. हिल-बर्टन कायद्यातले ते लिस्टर हिल अलाबामाचे डेमोक्रॅट. सिनेटमध्ये नागरी हक्कांना आडवे पडणारे बहुतेक सगळे डेमोक्रॅटच. हा इतिहास आमच्या गळ्यात का?

जुनी_वही

तुमच्या गळ्यात घालत नाहीये. पक्ष बदलले, मतदार जागचे हलले नाहीत, एवढंच म्हणतो. आणि बोट दाखवायचंच तर तुमच्या व्यवसायाकडे दाखवीन. दक्षिणेतल्या कित्येक वैद्यकीय संघटना साठच्या दशकापर्यंत काळ्या डॉक्टरांना सभासदच करून घेत नव्हत्या आणि वरची राष्ट्रीय संघटना खाली बघत बसली होती. माफी मागितली २००८ मध्ये.

पुणेरी_पाटी

इथून, म्हणजे सदाशिव पेठेतून, एक भाबडी शंका. तुमच्याकडे विरोध 'धोरणाला' असतो, आमच्याकडे 'गुणवत्तेच्या बाजूने' असतो. शब्द वेगळे, चेहऱ्यावरचे भाव तेच. आमच्या राज्यात गरिबांच्या ऑपरेशनची सरकारी योजना आहे. आधी राजीव गांधींच्या नावाने होती, २०१७ मध्ये महात्मा फुल्यांच्या नावाने झाली. तिच्या कार्डावर ऑपरेशन करून घेणाऱ्यांबद्दल आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये जे ऐकू येतं ते टेक्सासमध्ये भाषांतर करून पाठवलं तर चालून जाईल. आडनावं तेवढी बदलावी लागतील.

अवांतर: फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. हा धागा त्यांनी वाचला असता तर अर्पणपत्रिका परत मागितली असती.

रोखठोक७७

प्रतिसाद काढून टाकला आहे.

पुणेरी_पाटी

@रोखठोक७७, काढायच्या आधी वाचलं होतं मी. माझ्या मुद्द्याला पुरावा दिल्याबद्दल आभार.

संपादक मंडळ

आरक्षणाचा विषय इथे नको. त्यावर याआधीचे धागे आहेत आणि तेही कुलूपबंद आहेत.

अटलांटाचा_अण्णा

डॉक्टर, २० मार्च २०१० बद्दल काय म्हणता? अंतिम मतदानाच्या आदल्या दिवशी काळे खासदार संसदेच्या पायऱ्यांवरून जात होते. गर्दीतून त्यांना काळ्यांना देतात 'ती' शिवी घातली गेली असं आंद्रे कार्सन आणि जॉन लुईस यांनी सांगितलं. इमॅन्युएल क्लीव्हर यांच्यावर थुंकी उडाली. लुईस म्हणजे सेल्माच्या पुलावर १९६५ मध्ये पोलिसांच्या काठीने डोकं फोडून घेतलेला माणूस. आणि नाकात हाड घातलेल्या मांत्रिकाच्या वेशातलं ओबामांचं ते चित्र? ते कुठल्या आर्थिक धोरणाला विरोध करत होतं?

वऱ्हाडी_डॉक्टर

चित्र नीच होतं. त्यावर वाद नाही. मला स्वतःला ते एका ओळखीच्या डॉक्टरकडून ईमेलने आलं होतं आणि मी त्या माणसाला पुन्हा घरी बोलावलं नाही.

पायऱ्यांचं म्हणाल तर गर्दीत शेकडो फोन, कॅमेरे चालू होते. उजव्या बाजूचे पत्रकार ब्राइटबार्ट यांनी पुरावा आणणाऱ्यासाठी आधी दहा हजार आणि मग एक लाख डॉलर काळ्या विद्यार्थ्यांच्या कॉलेज-निधीला द्यायची तयारी दाखवली. कुणीही पुढे आलं नाही. जी चित्रफीत आहे तिच्यात गोंगाट आहे, तो शब्द ऐकू येत नाही.

अटलांटाचा_अण्णा

रेकॉर्ड झालं नाही म्हणजे झालंच नाही? तुमच्या ओपीडीत पेशंट म्हणतो पोटात दुखतंय, तेव्हा आधी चित्रफीत मागता का?

वऱ्हाडी_डॉक्टर

तपासून बघतो. तेच म्हणतोय.

सदाफुली

अण्णा, डॉक्टर, दोघांनी पाणी प्या.

निशिगंधा_एमपीएच

मी पब्लिक हेल्थची विद्यार्थिनी, जन्म इथलाच. मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

राज्यशास्त्राचे अभ्यासक मायकेल टेस्लर यांनी नेमका सदाफुलीमावशींचाच प्रश्न अभ्यासला. त्यांनी आरोग्य सुधारणेतल्या सारख्याच गोष्टी काहींना ओबामांच्या म्हणून सांगितल्या आणि काहींना क्लिंटन यांच्या म्हणून. ओबामांचं नाव लावलं की लोकांची वंशाबद्दलची जुनी मतं त्यांच्या उत्तरात जास्त डोकावत होती. म्हणजे डॉक्टरकाकांचं खरं आहे, विरोध क्लिंटन यांनाही झालाच असता. आणि अण्णांचंही खरं आहे, ओबामांमुळे त्यात आणखी काहीतरी मिसळलं. मात्र यावरून कुणा *एका* माणसाकडे बोट दाखवून 'तू वर्णद्वेष्टा' असं म्हणता येत नाही. आकडे घोळक्याबद्दल बोलतात, महाप्रसादाच्या पंगतीतल्या एका काकांबद्दल नाही.

केंटकीची गंमत माहितीये ना? तिथे राज्याने आपल्या विमाबाजाराचं (जिथून लोक ओबामाकेअरचे प्लॅन घेतात) नाव 'कायनेक्ट' ठेवलं. ओबामाकेअरला नाकं मुरडणारी माणसं कायनेक्टवर खूश होती. दोन्ही एकच!

मुंगूस

आमच्याकडे कारल्याला साखरकारलं म्हटलं की मुलं खातात.

बॅटनरूजची_बेळगावकर

आले. आता माझं निम्मं.

२०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वाचवला, पण मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी विमा, आणखी लोकांपर्यंत वाढवायचा की नाही हे राज्यांच्या मर्जीवर सोडलं. पहिली तीन वर्षं सगळा खर्च वॉशिंग्टन देणार, नंतर उतरत नव्वद टक्के. असं फुकटचं ताट समोर आलं तरी आमच्या लुइझियानाने नको म्हटलं. नको म्हणणारा गव्हर्नर कोण? बॉबी जिंदल! मूळ नाव पियुष. सदाफुलीच्या साउथ कॅरोलायनात निक्की हेली. दोघंही आपल्याच रंगाचे. आता यांना वर्णद्वेष्टे म्हणणार?

मी एका रुग्णालयात रात्रपाळीची नर्स. जिंदल गेले, जानेवारी २०१६ मध्ये नवे गव्हर्नर एडवर्ड्स आले आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात मेडिकेड वाढवलं. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे कार्ड घेऊन आलेले लोक मी बघितलेत. कोळंबीच्या बोटीवरचे गोरे, हॉटेलात चादरी बदलणाऱ्या काळ्या बायका, छपरं दुरुस्त करणारे. आयुष्यात पहिल्यांदा रक्तदाब मोजून घेणारे पन्नाशीचे लोक! जिंदल यांच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. मला त्या तीन वर्षांत पाय कापावे लागलेले मधुमेही माहीत आहेत.

आजही दहा राज्यांनी मेडिकेड वाढवलेलं नाही. त्यातली सात दक्षिणेतली. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी, साउथ कॅरोलायना. हा नकाशा आणि जुनीवहींनी सांगितलेला नकाशा एकावर एक ठेवून बघा.

वऱ्हाडी_डॉक्टर

उरलेली तीनही सांगा की. कॅन्सस, विस्कॉन्सिन, वायोमिंग. वायोमिंगमध्ये काळी माणसं शोधायला दुर्बीण लागेल. आणि आर्कन्सॉ, केंटकीने २०१४ पासूनच वाढवलं, ती काय उत्तर ध्रुवावर आहेत? नकाशे हवे तसे ठेवता येतात बाई.

खरं दुःख वेगळं आहे. जून २००९ मध्ये डॉक्टर-लेखक अतुल गावंडे यांनी टेक्सासमधल्या मॅकॅलन गावावर लेख लिहिला. हे आमच्या उमरखेडच्या गावंडे डॉक्टरांचे चिरंजीव. त्या गावात मेडिकेअरचा माणशी खर्च वर्षाला पंधरा हजार डॉलर, देशाच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट. एल पासोत त्याच्या निम्मा. तब्येती तशाच. फरक इतकाच, की मॅकॅलनचे डॉक्टर तपासण्या नि ऑपरेशनं जास्त करत होते. ओबामांनी तो लेख व्हाइट हाउसमध्ये सगळ्यांना वाचायला लावला. बोलायचं होतं ते यावर. माझ्यासारख्या डॉक्टरांना अवघड जाईल असा तो प्रश्न. पण ऑगस्ट उजाडला आणि एक बाजू डेथ पॅनेल ओरडायला लागली, दुसरी वर्णद्वेष ओरडायला लागली. डॉक्टरमंडळी सुटली! आम्हाला कुणी काही विचारलंच नाही.

जुनी_वही

हे मात्र आधी सांगायला हवं होतंत, डॉक्टर. या प्रतिसादापुरता बाय डिफॉल्ट सहमत.

अटलांटाचा_अण्णा

एक प्रामाणिक प्रश्न. तुम्ही स्वतः मेडिकेडचे पेशंट घेता का?

वऱ्हाडी_डॉक्टर

(उशिरा उत्तर देतोय, माफ करा.) मोजके. महिन्याला ठरावीक. त्यांचे दर मेडिकेअरपेक्षाही कमी, भाडं निघत नाही. फोनवर रिसेप्शनिस्टने "सध्या नवीन मेडिकेड घेत नाही" असं सांगायचं हे मीच ठरवलंय. ती हे रोज पाच-सहा वेळा सांगते. त्या फोनवरचे लोक कुठल्या रंगाचे असतात ते मी कधी विचारलं नाही. अंदाज आहे.

सदाफुली

डॉक्टर, हे लिहिलंत, बरं वाटलं.

माझ्या खिडकीवरचं सांगते. दोन बायका. एक गोरी, तिच्या ट्रकच्या मागे ओबामाकेअर रद्द करा असा स्टिकर, उन्हाने फिका पडलेला. एक काळी, चर्चच्या भजनमंडळातली. दोघी साफसफाईची कामं करतात, मुलं मोठी होऊन गेलेली, दोघींना मधुमेह. आमच्या राज्यात अशा बाईला मेडिकेड नाही, कितीही गरीब असली तरी. बरं, विमाबाजारातून सवलतीत प्लॅन घ्यावा, तर सवलत मिळायला उत्पन्न किमान गरिबीरेषेइतकं तरी हवं. त्याखालच्यांना मेडिकेड मिळेलच असं धरून कायदा लिहिला होता ना! म्हणजे थोडे जास्त कमावणारीला मदत आणि कमी कमावणारीला काहीच नाही. गोऱ्या बाईने मला एकदा हळूच विचारलं होतं, "मी उत्पन्न वाढवून सांगितलं तर पकडतील का?" लोक उत्पन्न लपवतात असं ऐकलं होतं, हिला वाढवून सांगायचं होतं.

स्टिकरबद्दल मी तिला कधी विचारलं नाही. दोघी एकाच रांगेत उभ्या असतात, एकमेकींशी हवापाण्याचं बोलतात, आणि दोघी मधुमेहाच्या मेटफॉर्मिनची अर्धीच बाटली मागतात, कारण पूर्ण परवडत नाही.

आमच्या त्या काकांना मी काल फोन केला होता. दिवाळीच्या फराळाला येणार म्हणाले. दुसरे काका येणार का, हे आधी विचारून घेतलं.

मुंगूस

पुडी संपली. या वेळी काही सुचत नाही.

नवखा_न्यूजर्सी

छान चर्चा. एक विचारायचं होतं. आई-बाबा ग्रीनकार्डवर येताहेत, दोघंही सत्तरीचे, बाबांची बायपास झालीये. मेडिकेअर पाच वर्षं मिळत नाही असं ऐकलं. तोवर काय करायचं? व्हिजिटर इन्शुरन्सवाले जुनं दुखणं म्हटलं की अंग काढून घेतात.

सदाफुली

बरोबर ऐकलंत, पाच वर्षं सलग राहावं लागतं. तोवर ओबामाकेअरच्या बाजारातून प्लॅन घेता येतो, जुनं दुखणं आहे म्हणून नाकारता येत नाही. जर्सीचा स्वतःचा बाजार आहे. आल्यापासून साठ दिवसांच्या आत अर्ज करा, नाहीतर पुढच्या मुदतीपर्यंत ताटकळाल. वेगळा धागा काढा, सगळे कागद सांगते.

वऱ्हाडी_डॉक्टर

आणि बाबांचे बायपासचे कागद, एंजिओची सीडी, औषधांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा. चेक-इनमध्ये नको.